अंत्यविधीचा घरचा व्यवसाय पुढे कोणाच्या हाती द्यायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांनी सुरू केलेली अंत्यविधी सेवेची पेढी वडिलांनंतर तुमच्याकडे आली. तुम्ही आता साठी ओलांडली आहे. मुलगी दुसऱ्या क्षेत्रात स्थिरावली आहे. मुलगा अडीनडीला शववाहिकेवर येतो, पण त्याचं मन यात नाही. पंधराएक वर्षं तुमच्या हाताखाली तयार झालेला एक विश्वासू सहकारी आहे, त्याच्याकडे भांडवल नाही. आणि एका मोठ्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन बोलून गेला आहे. यातलं कोणाला सोपवावं आणि कसं?

मी याच कामात वाढले, घरची पेढी चालवली, आणि पुढे इतर कुटुंबांच्या अशा व्यवहारांमध्ये मध्यस्थ म्हणून बसत आले. माझं मत आधीच सांगते: रात्री वाजणारा फोन उद्या कोण उचलणार, हे सर्वात आधी ठरवा. किंमत, करार, मुलगा की सहकारी की कंपनी, हे त्यानंतर. बहुतेक मालक उलटीकडून सुरुवात करतात. आधी हिशेबनिसाकडे जाऊन धंद्याची किंमत काढून घेतात, मग तेवढे पैसे देणारा शोधतात. फोनचा विचार शेवटी होतो, किंवा होतच नाही.

या व्यवसायात विकण्यासारखं खरोखर काय आहे ते बघा. गाड्या जुन्या होतात. शीतगृहाची यंत्रणा कोणीही नवी विकत घेऊ शकतं. इमारतीला किंमत आहे, पण ती इमारत म्हणून, पेढी म्हणून नाही. उरतं ते हे, की अमुक घरात मृत्यू झाला की त्या घरातलं कोणीतरी न विचार करता तुमचा नंबर लावतं, कारण त्यांच्या आजीच्या वेळी तुम्ही आला होता, नीट वागला होता. ही सवय एका पिढीत तयार होते आणि दोन-तीन वाईट अनुभवांत मोडते. घेणारा ज्याला नावाची किंमत म्हणतो ती हीच. ती तुमच्या एकट्याच्या चेहऱ्याला चिकटलेली असेल, तर तुम्ही बाजूला झाल्यावर ती तिथे राहणार नाही, आणि जाणता खरेदीदार त्या हिशेबानेच कमी पैसे देऊ करतो.

म्हणून वारसदार शोधणं आणि पेढीची किंमत टिकवणं ही एकच गोष्ट आहे.

आता माणसांबद्दल. मुलापासून सुरू करते, कारण तिथेच घरं सर्वात जास्त अडकतात. मुलाला किंवा मुलीला स्पष्ट विचारा, आणि विचारताना ‘नाही’ म्हणायची मोकळीक खरी द्या. ‘तुझी इच्छा असेल तरच हं’ असं म्हणून पुढे आजोबांच्या कष्टांची आठवण काढली, तर ती मोकळीक राहत नाही. मन नसलेला वारसदार या कामात लवकर दिसतो. तो पैशाच्या व्यवहारात चुकत नाही, माणसांपाशी चुकतो: फोनवर घाई करतो, घड्याळाकडे बघतो, नाव चुकीचं घेतो. शोकातलं घर या बारीक गोष्टी वर्षानुवर्षं लक्षात ठेवतं. तुमचा मुलगा अडीनडीला येतो हे त्याच्या प्रेमाचं लक्षण आहे, आवडीचं असेलच असं नाही. त्याला या ओझ्यातून मोकळं केलंत, तर पुढेही तो अडीला येत राहील.

मुलीला मात्र तुम्ही खरंच विचारलं आहे का? तुमच्या प्रश्नात ती एका वाक्यात संपली, म्हणून विचारते. ‘हे बायकांचं काम नाही’ हा समज अनेक घरांत न बोलता चालत राहतो. अमेरिकेत या विषयाचं शिक्षण घेणाऱ्यांमध्ये आज निम्म्याहून जास्त स्त्रिया आहेत. पार्थिव उचलायला तंत्र आणि दुसरा माणूस लागतो. एकट्याच्या ताकदीवर कोणी पुरुषानेही ते करू नये, पाठ जाते. ती दुसऱ्या क्षेत्रात आहे हे खरं, पण हिशेब, कायदा, रुग्णसेवा, शिक्षण यांतलं काही तिच्या गाठीला असेल, तर या कामात ते वाया जात नाही.

या व्यवसायात रक्ताचा वारस नसल्यामुळे पेढ्या बंद पडतात असं म्हणतात, ते मला अर्धंच खरं वाटतं. लंडनमधली लेव्हर्टन ही पेढी १७८९ पासून एकाच कुटुंबाकडे आहे आणि १९९१ पासून ब्रिटिश राजघराण्याच्या अंत्यविधींची जबाबदारी सांभाळते. असं होतं, पण ते अपवाद आहे. जपानमधल्या जुन्या व्यापारी घराण्यांनी वेगळी वाट काढली: कर्तबगार जावयाला किंवा पेढीतल्या माणसाला प्रौढ वयात दत्तक घेऊन धंदा त्याच्या हाती द्यायचा. तिथे आजही बहुतेक दत्तकविधानं मुलांची नसून मोठ्या माणसांची असतात. तुम्ही कोणाला दत्तक घ्या असं मी म्हणत नाही. घराण्याचं नाव चालवायला आधी लायक माणूस बघायचा आणि नातं नंतर जोडायचं, हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.

तर तुमचा सहकारी. त्याला पारखायचं कसं? इतकी वर्षं काम केलं एवढ्यावर जाऊ नका. चांगला हात असलेला प्रत्येक माणूस मालक होऊ शकत नाही, आणि काहींना व्हायचंही नसतं. मी तीन ठिकाणी बघते. खोलीत त्याच्याशिवाय कोणी नसताना तो पार्थिवाला कसा हात लावतो. नातेवाइकांसमोर सगळेच हळुवार असतात. दार बंद झाल्यावरही पार्थिवाची मान सांभाळून धरणारा, चादर ओढून घेणारा, आवाज खाली ठेवणारा माणूस शिकवून तयार होत नाही. दुसरं, ओळखीची चिठ्ठी. पार्थिव ताब्यात घेताना, शीतगृहात ठेवताना आणि बाहेर काढताना, तिन्ही वेळी नाव ताडून बघण्यात तो कधी सूट घेतो का? कितीही गडबड असली, कितीही ओळखीचं घर असलं तरी? आपल्या कामात बाकी सगळ्या चुकांना माफी मिळू शकते. चुकीचं पार्थिव चुकीच्या कुटुंबाला गेलं, तर ती पेढी पुन्हा उभी राहत नाही, आणि राहू नये.

तिसरं म्हणजे पैशाचं बोलणं, आणि चांगली माणसंही इथे कच्ची पडतात. रडणाऱ्या घरासमोर किंमत सांगायची लाज वाटते, म्हणून ती गुळमुळीत सांगतात, आणि बिल आल्यावर कुटुंबाला फसवल्यासारखं वाटतं. दुसरे काही जण त्याच रडण्याचा फायदा घेऊन महागडी शवपेटी गळ्यात मारतात. दोन्ही प्रकार होतात म्हणूनच अमेरिकेत १९८४ पासून प्रत्येक वस्तू आणि सेवेची वेगवेगळी किंमत दाखवणारी यादी देणं आणि फोनवर विचारल्यास दर सांगणं बंधनकारक आहे, आणि ब्रिटनमध्ये २०२१ च्या आदेशाने दर दर्शनी भागात आणि संकेतस्थळावर लावावे लागतात. तुमच्याकडे कायदा काहीही असो, छापील यादी ठेवा आणि सहकाऱ्याला तुमच्याशिवाय दोन-चार घरांशी बोलायला बसवा. नंतर त्या घरांना विचारा, सगळं आधी कळलं होतं का. स्वस्त पर्याय स्वतःहून सांगणारा आणि तरीही पेढीचा खर्च न बुडवणारा माणूस सापडला, तर तुमचा शोध संपला.

एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. त्याच्या जोडीदाराशी बोला. त्याला बाजूला ठेवून नव्हे, दोघांना एकत्र बसवून. सणाच्या दिवशी, मुलाच्या वाढदिवसाला, पहाटे तीनला उठून जाणं हे पगारी माणसाला पाळीने वाटून येतं. मालकाला पाळी नसते. तुमच्या घरात हे कोणी सोसलं ते तुम्हाला माहीत आहे. जोडीदाराने मनापासून हो म्हटलेलं नसेल, तर तो व्यवहार दोन-तीन वर्षांत परत तुमच्या दारात येतो.

भांडवलाचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. इमारत आणि धंदा वेगळे करा. इमारत तुमच्याकडे ठेवून त्याला दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्या. तुम्हाला म्हातारपणी उत्पन्न मिळतं आणि त्याला उभी करायची रक्कम एकदम खाली येते. धंद्याची रक्कम हप्त्यांनी घ्या. काही भाग आधी भागीदारी म्हणून द्या, दरवर्षी त्याच्या नफ्यातून थोडा थोडा वाटा त्याच्या नावे होत जाईल अशी रचना करा. सहकारी एकाहून जास्त असतील, तर ब्रिटनमध्ये २०१४ पासून कायद्याने सोपा केलेला एक मार्ग आहे: कर्मचाऱ्यांच्या वतीने एक विश्वस्त निधी मालकी घेतो आणि जुन्या मालकाचे पैसे पुढच्या नफ्यातून चुकते होतात. तुमच्या देशात असं काही आहे का ते वकिलाला विचारा. हप्ते ठरवताना दोन गोष्टी लिहून घ्या: त्याच्या किंवा तुमच्या मृत्यूनंतर उरलेल्या पैशाचं काय, आणि हप्ते थकले तर पेढी परत कशी यायची. ज्यांच्या हातून रोज मरणाचे कागद जातात, तीच माणसं स्वतःच्या मरणाचं कलम घालायला विसरतात. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

किंमत काढताना गेल्या चार-पाच वर्षांत किती अंत्यविधी झाले त्याची सरासरी धरा, एका वर्षावर जाऊ नका. साथीच्या किंवा कडक हिवाळ्याच्या वर्षाने आकडा फुगतो. दर अंत्यविधीमागचं उत्पन्न वेगळं काढा. अमेरिकेत २०१५ मध्ये दहनांचं प्रमाण पहिल्यांदा दफनांपेक्षा जास्त झालं, आणि ज्या पेढ्यांची कमाई पेटी आणि दफनावर उभी होती त्यांचं दर विधीमागचं उत्पन्न घटलं. विधींची संख्या तीच, गल्ला कमी. तुमच्याकडेही पद्धती बदलत असतील, तर घेणाऱ्याला ते आधी सांगा. आणि घरच्यांचं फुकटचं काम खर्चात मांडा. हिशेब ठेवणारी पत्नी, दुपारी फोन घेणारा भाऊ, तुम्ही स्वतः: या सगळ्यांना बाजारभावाने पगार दिला असता तर नफा किती उरला असता? तो खरा नफा. हा आकडा बघून बरेच मालक दुखावतात. तो खरा असतो म्हणूनच दुखतो.

लोकांनी आगाऊ भरलेले पैसे हा वेगळाच विषय आहे आणि इथे मी कठोर आहे. स्वतःच्या अंत्यविधीसाठी कोणी आज पैसे दिले असतील, तर तो विधी होईपर्यंत ती रक्कम तुमची कमाई नाही, तुमच्यावरचं कर्ज आहे. ती वेगळ्या खात्यात किंवा विश्वस्त निधीत नावानिशी पडून असली पाहिजे. ब्रिटनमध्ये मार्च २०२२ मध्ये अशा योजना विकणारी एक कंपनी बुडाली तेव्हा सुमारे ४६ हजार लोकांच्या योजना अधांतरी राहिल्या. त्याच वर्षी २९ जुलैपासून या योजना तिथल्या वित्त नियामकाच्या कक्षेत आल्या. तुमच्या पेढीत ही रक्कम थोडीशीही कमी पडत असेल, तर हस्तांतरणाचं बोलणं थांबवा आणि आधी ती भरून काढा. नव्या माणसाच्या गळ्यात हे घालणं म्हणजे त्या सगळ्या म्हाताऱ्यांना दगा देणं आहे.

तसंच कपाट उघडा. प्रत्येक जुन्या पेढीत न नेलेले अस्थिकलश असतात, कधी कधी दोन पिढ्यांपूर्वीचे. कोणाचे, कधीचे, कोणाला कळवलं, याची यादी करा, वारस शोधा, तुमच्याकडचा कायदा जी मुदत आणि पद्धत सांगतो ती पाळा. राहून गेलेल्या अंगठ्या, चष्मे, फोटो यांचीही. एम्बामिंगची, म्हणजे पार्थिव रसायनांनी टिकवण्याची खोली असेल तर तिथली हवा खेळती राहण्याची व्यवस्था तपासून घ्या. त्या कामात वापरल्या जाणाऱ्या फॉर्माल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. पुढची वीस वर्षं तिथे दुसऱ्याची फुप्फुसं काम करणार आहेत. परवान्याचंही आधी बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा व्यवसाय करायला परवाना लागत नाही, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत शिक्षण, उमेदवारी आणि परीक्षा लागते. तुमच्या सहकाऱ्याला परवाना काढायला वेळ लागणार असेल, तर तुमच्या निवृत्तीची तारीख तिथून मोजा.

आता ती मोठी कंपनी. मी कंपन्यांच्या विरोधात नाही. घरात कोणी नसेल, पेढीत कोणी नसेल, तुमची तब्येत साथ देत नसेल, तर हा सन्मानाचा मार्ग आहे. फक्त तिचं गणित समजून घ्या. रॉबर्ट वॉल्ट्रिप यांनी १९६२ मध्ये ह्यूस्टनमध्ये सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल उभी केली आणि तिथूनच हा नमुना पसरला: एकाच भागातल्या अनेक पेढ्या घ्यायच्या, गाड्या, एम्बामिंग, कार्यालय एकत्र करायचं, पण दारावर जुन्या कुटुंबाचंच नाव ठेवायचं. म्हणजे तुमचं आडनाव राहील, फोन कदाचित दुसऱ्याच शहरात वाजेल. हे तुम्हाला चालणार आहे का, याचं उत्तर सही करण्याआधी द्या. पैसे रोख घ्या, शेअर्समध्ये नको. कॅनडाचा लोवेन ग्रुप कर्ज काढून पेढ्या विकत घेत गेला, १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेला, आणि त्याच्या शेअर्सची किंमत शून्य झाली.

करारात ‘पुन्हा या धंद्यात पडणार नाही’ हे कलम असतंच. ते तुमच्यापुरतं, ठरावीक वर्षांपुरतं आणि ठरावीक परिसरापुरतं ठेवा. मुलांना, नातवंडांना त्यात बांधू देऊ नका. आडनावाचा हक्क विकून टाकल्यावर तुमच्याच नातीला स्वतःच्या नावाने पेढी काढता येऊ नये, अशी वेळ आणू नका. कामावरच्या माणसांच्या नोकऱ्यांबद्दल तोंडी आश्वासन मिळतं. ते लेखी मागा. लेखी द्यायला तयार नसतील, तर त्यातच उत्तर आलं.

शेजारच्या गावातली दुसरी घरची पेढी हाही एक पर्याय आहे, आणि तो विसरला जातो कारण वर्षानुवर्षं ती प्रतिस्पर्धी असते. त्यांना तुमचं काम आतून कळतं. बाहेरचा नवा माणूस हवा असेल, तर रुग्णालयाच्या शवागारात, परिचारिकांमध्ये, वृद्धसेवेत काम केलेल्यांमध्ये बघा. त्यांना मृत्यूची सवय असते आणि माणसाची कदर उरलेली असते.

सोपवण्याचा क्रम मी असा धरते. नव्या माणसाला दोन ते तीन वर्षं हाताशी ठेवा. आधी शोकातल्या घरच्या मंडळींशी बोलणी त्याच्याकडे द्या, तुम्ही शेजारी बसा आणि गप्प राहा. गप्प राहणं तुम्हाला जड जाईल, पण तेव्हाच कुटुंबाची नजर तुमच्यावरून त्याच्याकडे वळते. मग रात्रीचा फोन, आधी आठवड्यातून काही रात्री, मग पूर्ण. धर्मगुरू, रुग्णालय, स्मशानभूमी आणि दफनभूमीतली माणसं यांच्याकडे त्याला स्वतः घेऊन जा. नंतर बँकेच्या सह्या. दारावरची पाटी सर्वात शेवटी. आणि कामावरच्या लोकांना ही बातमी बाहेरून कळायच्या आत तुमच्या तोंडून कळू द्या.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी तुमच्या सहकाऱ्याकडे झुकते. पण आधी मुलीशी एकदा मोकळं बोला, मग त्याला आणि त्याच्या पत्नीला बोलावून विचारा. दोघे हो म्हणाले तर पुढच्या महिन्यापासून शनिवार-रविवारच्या रात्रीचा फोन त्याच्याकडे द्या, त्या रात्रींचा वेगळा मोबदला ठरवा, आणि सहा महिने काहीही सही न करता बघा. कंपनीच्या माणसाला तोवर नम्रपणे थांबायला सांगा. खरी गरज असेल तर तो थांबतो. या काळात पेढीचा नंबर कोणाच्या नावावर आहे तेही तपासा. आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर राहिलेला असणं फार शक्य आहे. तो पेढीच्या नावावर करून घ्या, म्हणजे मालकी कोणाकडेही गेली तरी तो बंद पडणार नाही.